आधी बॅटरी, मग स्क्रू



२०१८ साली बाजारात आलेला लेनोवोचा थिंकपॅड टी-४८० सेकंडहँड बाजारात अजून भाव खाऊन आहे. त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत. त्यामुळे जुना लॅपटॉप घ्यायचा आणि घरीच रॅम वाढवायची, असा बेत पुष्कळजण करतात. बेत चांगलाच आहे, पण या लॅपटॉपला दोन बॅटऱ्या असतात. मागची कळ सरकवली की एक हातात येते आणि उघडणाऱ्याला वाटते, वीज तुटली. दुसरी झाकणाखाली शाबूत असते! लॅपटॉप शटडाउन केला तरी मदरबोर्डच्या काही भागांत तिची वीज खेळत राहते. अशा वेळी एखादा स्क्रू आत पडला, तर शॉर्टसर्किट होऊन बोर्डच जायचा.

म्हणून लेनोवोने सोय दिली आहे. चार्जर काढून लॅपटॉप चालू करताना एफ-१ दाबायचे, उघडणाऱ्या सेटअपच्या कॉन्फिग मेनूतल्या पॉवर विभागात आतली बॅटरी बंद करायची. मशीन तिथेच बंद होते. चार्जर पुन्हा जोडला, की बॅटरी आपोआप कामाला लागते. ज्या लॅपटॉपमध्ये ही सोय नाही, त्यात झाकण उघडल्यावर पहिले काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचे. तो प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने हलकेच सोडवावा. वायर धरून ओढू नये.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. अंगावरच्या स्थिर विजेचा झटका माणसाला साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे जाणवतो, पण काही चिपना १०० व्होल्टसुद्धा जड जातात. म्हणजे काही जाणवलेही नाही आणि चिप गेली, असे घडू शकते. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हे जास्त. नायलॉनचा कपडा आणि गालिचा टाळावा, अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून मग कामाला बसावे. रॅम कडेने धरावी, सोनेरी पट्टीला बोट लावू नये. खाच जुळवून ती तिरकी सरकवावी आणि खाली दाबावी; दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ करून बसतात. तसे झाले नाही, तर जोर लावण्याऐवजी काढून पुन्हा बसवावी.

आणि स्क्रू! अनेक लॅपटॉपमध्ये ते कमी-जास्त लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला, तर आतला भाग फुटतो. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच हवा, नाहीतर डोके झिजते आणि स्क्रू निघता निघत नाही.

लेनोवो, डेल, एचपी या कंपन्या बऱ्याच मॉडेलांच्या दुरुस्ती-पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर फुकट देतात. आपल्या मॉडेलची पुस्तिका आधी वाचा, मगच झाकणाला हात घाला. मात्र टचपॅड वर आलेला दिसला, झाकण फुगलेले वाटले, तर बॅटरी फुगल्याची शंका घ्या. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. तो लॅपटॉप घरी उघडायचा नाही, थेट जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा.