सांडपाण्याचा सहकार : तिरुपूरचा धडा



सहकार हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. ऊस पिकविणाऱ्यांनी साखर कारखाने काढले, दूध घालणाऱ्यांनी दूध संघ चालविले, विणकरांनी सूतगिरण्या उभारल्या. या सर्व ठिकाणी माणसे एकत्र आली ती काही मिळविण्यासाठी. जे टाकून द्यावयाचे, ज्यातून कोणाच्याही पदरात नफा पडत नाही, त्या सांडपाण्यासाठी लहान कारखानदारांनी एकत्र येणे ही निराळी आणि अधिक कठीण गोष्ट होय. तमिळनाडूतील तिरुपूर या गावाला ती करावी लागली. ती कशी करावी लागली आणि त्यासाठी कोणाला काय मोजावे लागले, हे नदीकाठच्या प्रत्येक पंचायतीने समजून घेण्यासारखे आहे.

नदी आणि धंदा

नोय्यल ही कावेरीची उपनदी. पश्चिम घाटातील वेल्लियंगिरीच्या डोंगरांत ती उगम पावते आणि कोईमतूर व तिरुपूर या शहरांवरून वाहत जाऊन करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. मुळात ही हंगामी नदी. पावसाळ्याचे दिवस सोडले तर तिला स्वतःचे पाणी फारसे नसते.

या नदीच्या काठी तिरुपूरचा होजिअरीचा धंदा वाढला. प्रथम पांढरी बनियने, पुढे १९८०च्या दशकापासून परदेशी जाणारे रंगीत विणीचे कपडे. रंगीत कपडा आला तशी रंगाई आली. विणाई एका ठिकाणी, रंगाई दुसऱ्या, शिलाई तिसऱ्या, अशी कामाची वाटणी असल्याने रंगाईचे शेकडो लहानमोठे कारखाने गावात आणि ओढ्यांच्या काठांवर उभे राहिले. खेड्यापाड्यांतून हजारो हातांना काम मिळाले. या धंद्याने पोटे भरली, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ते विसरून केलेला विचार एकांगी ठरेल.

दोष कोठे होता? सुती कपड्याला पक्का रंग बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ घालावे लागते. गडद रंगासाठी लिटरमागे साधारणतः ६० ते ८० ग्रॅम मीठ लागते. एक किलो कपड्याला आठ ते दहा लिटर रंगाचे पाणी धरले, तर किलोमागे अर्ध्या ते पाऊण किलोच्या घरात मीठ झाले. कपड्यावर मीठ राहत नाही, ते सगळेच धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडते. रंगाचाही काही भाग कपड्याला न चिकटता वाहून जातो. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची ओरड होते. मीठ दिसत नाही, पण जमिनीचे आणि विहिरीचे खरे नुकसान तेच करते.

धरण भरले, शेती बुडाली

तिरुपूरच्या खाली ओरथुपालयम येथे नोय्यलवर १९९२ साली धरण पूर्ण झाले. शेतीला पाणी मिळावे हा त्याचा हेतू. काही वर्षांतच धरणात नदीच्या पाण्याऐवजी रंगाई कारखान्यांचे खारे सांडपाणी साठू लागले. काठच्या विहिरी खाऱ्या झाल्या, जमिनी चोपण होऊ लागल्या, पिके आणि गुरे यांना ते पाणी निरुपयोगी ठरले. धरणाचे पाणी सोडा, अशी मागणी शेतकरी सर्वत्र करतात. येथील शेतकऱ्यांवर पाणी सोडू नका असे म्हणण्याची पाळी आली. पाटबंधाऱ्याच्या इतिहासात याहून दुःखद उलथापालथ क्वचितच सापडेल.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात काही सामुदायिक शुद्धीकरण केंद्रे तिरुपुरात उभी राहिली. त्यांनी रंग व सेंद्रिय घाण कमी केली, परंतु विरघळलेले क्षार त्यांच्या टाक्यांतून जसेच्या तसे पुढे जात. सांडपाण्यातील विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम असताना ती पाळण्याची सोय त्या यंत्रणेत नव्हतीच. पाणी स्वच्छ दिसू लागले, पण शेतीच्या उपयोगाचे झाले नाही.

अखेर नोय्यलच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या संघटनेने मद्रास उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. डिसेंबर २००६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, कारखान्यांनी सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था ठरावीक मुदतीत करावी आणि तोवर सोडलेल्या पाण्यावर लिटरप्रमाणे दंड भरावा. ऑक्टोबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दायित्व कायम केले. जो प्रदूषण करतो त्याने त्याची भरपाई केली पाहिजे, हे तत्त्व लावून धरणाची साफसफाई व शेतकऱ्यांची नुकसानभरपाई यांचा भारही कारखानदारांवर ठेवला. तरीही पूर्तता झाली नाही. २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने रंगाई कारखाने व त्यांची शुद्धीकरण केंद्रे बंद करण्याचा आणि त्यांची वीज तोडण्याचा आदेश दिला. सातशेच्या आसपास कारखाने एका आदेशाने थांबले.

त्याचा पहिला फटका मजुरांना बसला. हातावर पोट असलेले कामगार गावी परतले, काही काम अन्य शहरांकडे वळले. वेळीच न केलेल्या व्यवस्थेची किंमत प्रथम शेतकऱ्याने आणि नंतर मजुराने मोजली. या दोघांपैकी कोणाच्याही हाती त्या व्यवस्थेचा निर्णय नव्हता.

एकट्याला का जमत नाही

येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. प्रत्येक कारखान्याने आपापले पाणी का शुद्ध करू नये? मोठ्या कारखान्याला ते शक्य आहे आणि तिरुपुरातील काहींनी ते केलेही. परंतु चारदोन यंत्रे असलेल्या रंगाऱ्याकडे जागा नसते, तज्ज्ञ नसतो आणि भांडवलही नसते. त्यातही त्याने कर्ज काढून यंत्रणा बसविलीच, तर त्याचा किलोमागचा दर वाढतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाते. जो नियम पाळतो तो धंद्यातून उठतो आणि जो रात्री ओढ्यात पाणी सोडतो तो टिकतो, अशी विपरीत स्थिती निर्माण होते. सर्वांनी एकाच वेळी, एकाच दराने खर्च उचलणे हा या कोंडीतून सुटण्याचा मार्ग होय. सांडपाण्याच्या बाबतीत सहकाराची गरज आहे ती याच कारणाने.

व्यवस्था कशी चालते

राज्य शासनाने बिनव्याजी कर्जाचे साहाय्य दिले आणि सामुदायिक केंद्रे नव्या पद्धतीने सिद्ध करण्यात आली. अशी १८ केंद्रे तिरुपूर परिसरात काम करू लागली. प्रत्येक केंद्र म्हणजे सभासद कारखान्यांच्या मालकीची कंपनी. कारखान्यांतून नळाने पाणी केंद्राकडे येते. प्रत्येकाच्या नळावर मापक असतो, प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो आणि जितके पाणी पाठवावे तितके पैसे भरावे लागतात.

केंद्रात प्रथम जिवाणूंच्या साहाय्याने सेंद्रिय घाण नष्ट करतात, उरलेला रंग काढतात आणि पाणी गाळतात. नंतर अतिसूक्ष्म पडद्यांतून ते मोठ्या दाबाने ढकलले जाते. पडद्यापलीकडे येणारे गोडे पाणी पुन्हा रंगाईसाठी कारखान्यांना परत जाते. अलीकडे राहिलेले दाट खारे पाणी बाष्पीभवन यंत्रांत आटवून त्यातून मीठ वेगळे करतात. अरुलपुरम येथील केंद्रात याच्या पुढचे पाऊल टाकण्यात आले. सर्व खारे पाणी आटवीत बसण्याऐवजी ते शुद्ध करून रंगाईतच पुन्हा वापरावयाचे, म्हणजे मीठही वाचते आणि आटविण्याचे इंधनही.

पाण्याला मोल आल्याबरोबर कारखान्याच्या आतील सवयीही बदलल्या. पाणी पाठविले की पैसे पडतात, हे कळल्यावर कमी पाण्यात रंगविणारी नवी यंत्रे आली. ज्या शहरात पूर्वी आजूबाजूच्या खेड्यांच्या विहिरींचे पाणी टँकरने येऊन रंगाईत खर्ची पडत असे, तेथे वापरलेलेच पाणी फिरून फिरून वापरले जाऊ लागले. उपदेशाने जे झाले नसते ते मापकाने घडविले.

जे शिल्लक राहिले

हे चित्र निर्दोष आहे असे समजण्याचे कारण नाही. पाणी आटविण्यास इंधन व वीज फार लागते आणि तो बोजा किलोमागच्या दरावर पडतो. निरनिराळे क्षार मिसळलेले जे मीठ उरते त्याला सहसा गिऱ्हाईक मिळत नाही, त्यामुळे ते साठवून ठेवावे लागते. गाळाचा काही भाग सिमेंटच्या भट्ट्यांत वापरला जातो, तरी प्रश्न पुरता मिटलेला नाही. परवान्याशिवाय चालणारे कारखाने चोरून पाणी सोडतात. शहराचे घरगुती सांडपाणीही नदीतच येते, त्याचा दोष रंगाऱ्यांच्या माथी मारता येणार नाही. आणि खारावलेली जमीन काही एका वर्षात गोडी होत नाही.

महाराष्ट्राने काय घ्यावे

इचलकरंजी आणि सोलापूर ही आपली वस्त्रोद्योगाची गावे. तेथेही विणाईला जोडून रंगाई व धुलाई आहे आणि खाली पंचगंगा, भीमा यांच्या काठी शेती आहे. जलप्रदूषणाच्या निवारणासाठी केंद्राच्या १९७४च्या कायद्यापूर्वी, १९६९ मध्येच, स्वतंत्र कायदा करणारे हे राज्य आहे. तेव्हा कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती वेळीच एकत्र येण्याची.

अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवावयाचे ते हे की, सामुदायिक केंद्र बांधून काम संपत नाही. त्यात कोणते द्रव्य निघते आणि कोणते निघत नाही, हे पाहिले पाहिजे. तिरुपूरची पहिली केंद्रे नेमकी येथेच फसली. नियम सर्वांना एकाच दिवशी व सारखाच लागू केला, तर प्रामाणिक कारखानदार उघडा पडत नाही.

पंचायतींनी आपल्या हद्दीतील विहिरींच्या पाण्याची नोंद ठेवावी. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक आहे. हे मोजण्याचे लहानसे विद्युत उपकरण शाळेलाही परवडते. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला मुलांकडून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर विहिरींचे पाणी मोजवून घ्यावे आणि तारखेनिशी वहीत लिहवून घ्यावे. पाच वर्षांची अशी वही गावाजवळ असेल, तर पाणी केव्हापासून बिघडले याविषयी वाद राहणार नाही.

कारखानदारांसाठी तर हिशेब सरळ आहे. एकत्र येऊन केलेला खर्च जड वाटतो खरा, परंतु कुलूप लागलेल्या कारखान्याचे व्याज त्याहून जड असते. तिरुपूरला हे न्यायालयाच्या आदेशानंतर उमगले. ज्या गावांच्या नद्या अजून पुरत्या खारावलेल्या नाहीत, त्यांना तो आदेश येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शेतकरी, कारखानदार आणि पंचायत यांची पहिली बैठक आजच बोलावता येईल, आणि ती बोलाविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे.