झाडाला पाणी कोण घालतं, झाड पाणी कुठून घेतं?

(माणदेशात भरलेल्या बचत गटांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललं गेलं त्याच ओघात इथे देत आहोत.)

मैत्रिणींनो,

सकाळी तुमची नावनोंदणी चालली होती तेव्हा मी अंगणातल्या लिंबाच्या एका फांदीला पारदर्शक पिशवी बांधत होते. काहीजणी हसल्याही. आता ही पिशवी बघा. आतून ओली झाली आहे आणि तळाशी दोन-तीन चमचे पाणी साचलं आहे. हे कुणी ओतलेलं नाही. झाडानं ते मुळांनी ओढलं आणि पानांतून बाहेर सोडलं. पिशवी नसती तर ते हवेत उडून गेलं असतं, आपल्याला पत्ताही लागला नसता.

आज याच पाण्याबद्दल बोलायचं आहे. पुढच्या ग्रामसभेत गायरानावर कोणती झाडं लावायची, हा विषय आहे. तुमच्यातल्या दोघीतिघी मला म्हणाल्या, "ताई, झाडांतलं आम्हाला काय कळतंय, गडीमाणसं बघतील." मला वाटतं, हा विषय सगळ्यात आधी आपला आहे. का, ते सांगते.

आधी घरची गोष्ट. मी चौथीत असताना आमच्या शेतात शंभर रोपं लावली. खड्डे वडिलांनी घेतले. फोटो निघाला तोही त्यांचाच. पाणी मात्र आईनं घातलं. एका रोपाला एका वेळी दहा लिटर धरा. शंभर रोपांना हजार लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर एका पाळीला सदुसष्ट हंडे! हे घरचं आणि जनावरांचं पाणी भरून झाल्यावर. तिनं दोन उन्हाळे ते ओढलं. तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि रोपं वाळली. तेव्हा घरात काय बोललं गेलं? "हिच्या हाताला झाड लागत नाही." ती रोपं कुठल्या जातीची होती, आमच्या मुरमाड जमिनीत त्यांची मुळं किती खोल जाणार होती, हे कुणी विचारलंच नव्हतं. आईला तर नाहीच नाही.

तेव्हा आपण आता विचारू या. झाड पाण्याचं करतं काय?

झाड पानात अन्न शिजवतं. त्यासाठी त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायला पानांना बारीक बारीक तोंडं असतात. हवा आत यायला तोंड उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. झाडानं शंभर लिटर पाणी ओढलं तर पंच्याण्णवहून जास्त असं निघून जातं. याला उधळपट्टी म्हणू नका. चूल पेटवायची तर धूर व्हायचाच, तसं आहे ते.

आपल्या माळावरच्या झाडांनी हा खर्च आवरायच्या युक्त्या काढल्या आहेत. बाभळीची पानं बघा, किती बारीक. बोरीचं पान उलटं करा, खालून पांढरी लव दिसेल. रुईच्या पानावर मेणासारखा थर असतो. पळस पाणी कमी झालं की पानंच गाळून टाकतो. निवडुंग तर दिवसा तोंडं मिटून घेतो आणि रात्री गारव्यात उघडतो.

दुसरी युक्ती मुळांची. काही झाडं वरच्या हातभर मातीतल्या ओलीवर जगतात, काही खोल जातात. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका खाणीत मेस्क्विटची मुळं ५३ मीटर खोल सापडली होती. हे मेस्क्विट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्याच घराण्यातलं. आपल्या किती विहिरी तेवढ्या खोल आहेत?

मग खोल मुळांचं झाड वाईट का? इथेच गंमत आहे. १९८७ साली अमेरिकेतल्या युटामध्ये रिचर्ड्स आणि कॉल्डवेल या शास्त्रज्ञांनी एका रानझुडपाची मुळं अभ्यासली. रात्री पानांची तोंडं मिटली की खोल मुळांतलं पाणी वर चढतं आणि वरच्या मुळांतून कोरड्या मातीत झिरपतं, असं त्यांना आढळलं. दुसऱ्या दिवशी ते त्या झुडपाला मिळतं, शेजारच्या रोपालाही थोडं मिळतं. आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये शेतकरी शेतातली रानझुडपं कापून जाळत असत. तिथे बाजरीच्या जोडीला ती झुडपं ठेवून पाहिली. पावसानं ओढ दिली तेव्हा झुडपाजवळच्या बाजरीला त्याच्या मुळांनी वर आणलेलं पाणी मिळालं. हे पाणी थोडंच असतं, त्यावर ऊस पिकणार नाही. पण कोमेजणारी बाजरी तग धरते. राजस्थानात खेजडीच्या, म्हणजे आपल्या सौंदडीच्या झाडाखाली लोक पिढ्यान् पिढ्या बाजरी घेतात, ते उगीच नव्हे.

आता उलट बाजू. ऐंशीच्या दशकात कर्नाटकात शेतजमिनींवर निलगिरीची भरमसाट लागवड झाली. पुढे नव्वदच्या दशकात तिथे मोजमाप झालं. एका ठिकाणी जमीन खोल होती. तिथे निलगिरीनं तीन वर्षांत पडलेल्या पावसापेक्षा जास्त पाणी वापरलं! जास्तीचं आलं कुठून? खालच्या मातीत आधीच्या वर्षांची ओल साठली होती, त्यातून. आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर व्याजावर भागलं नाही, मुद्दल मोडलं. पण उथळ जमिनीवर तीच निलगिरी तिथल्या जुन्या जंगलाइतकंच पाणी वापरत होती. म्हणजे झाडाची जात पाहून भागत नाही. जमीन किती खोल, झाडं किती दाट, हेही पाहावं लागतं. २०१७ साली कर्नाटक सरकारनं निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली.

आपल्याकडे पाऊस किती? वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. एका गुंठ्यावर पाचशे मिलिमीटर म्हणजे सुमारे ५० हजार लिटर पाणी. त्यातलं काही वाहून जातं, काही मातीतून उडून जातं. उरेल त्यात गवत, झाडं आणि विहीर, सगळ्यांनी भागवायचं. गुंठ्यात पाच झाडं लावली की तीनशे, यानं त्या वाटणीत फार फरक पडतो.

मग झाडंच नकोत? तसंही नाही. उघड्या माळावर पाऊस आदळतो, जमीन घट्ट होते आणि पाणी पळतं. झाडाखाली पालापाचोळा असतो, मुळांनी माती भुसभुशीत केलेली असते, तिथे पाणी मुरतं. बुर्किना फासोमध्ये अभ्यास करून २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं, की अगदी उघड्या रानात भूजल कमी भरतं आणि फार दाट झाडीतही कमी भरतं. विरळ, मध्यम झाडी असेल तिथे ते सगळ्यात जास्त भरू शकतं.

आता वेड्या बाभळीचं. गायरानावरची ही बाभूळ उपटून टाका, असा आग्रह आहे. ती पाणी ओढते आणि गवत येऊ देत नाही, हे खरंच आहे. पण तुमच्यातल्या कितीजणींची चूल तिच्यावर पेटते? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. गॅसची टाकी घरात आहे, ती भरायला पैसे नाहीत. म्हणजे बाभूळ गेली की काहींना पाणी मिळेल आणि काहींचं सरपण जाईल. दक्षिण आफ्रिकेत १९९५ साली पाणी पिणारी परदेशी झाडं काढायचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. गरिबांना मजुरी मिळावी हाही त्याचा हेतू होता आणि त्यात बायकांना मुद्दाम मोठा वाटा ठेवला होता. आपणही तसं मागू शकतो. टप्प्याटप्प्यानं काढा, मजुरी आम्हाला द्या, निघालेलं लाकूड गावातल्या चुलींना द्या, आणि बदली सरपणाचं झाड आधी लावा. नुसती वरून तोडलीत तर ती खोडापासून पुन्हा फुटते, तेव्हा काम नीट करावं लागेल.

आपल्या राज्यात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. आकडे मोठे असतात. त्या रोपांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, त्याचा रकाना कुठल्या कागदावर असतो? म्हणून ग्रामसभेत आपण चार प्रश्न लिहून न्यायचे. गायरानाची जमीन किती खोल आहे? गुंठ्याला किती झाडं? पहिले तीन उन्हाळे पाणी कुठून येणार, कोण घालणार आणि त्याची मजुरी किती? पाला, शेंगा, सरपण कुणाच्या वाट्याला येणार?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे लक्षात ठेवा. ती कागदोपत्री उरकू देऊ नका. सह्या मागायला कुणी घरी आलं तर सही करू नका, सभेला या. बोर, बाभूळ, लिंब, सौंदड यांची नावं आपल्याकडूनच सुचवली जाऊ द्यात. कुठल्या झाडाखाली गवत येतं आणि कुठल्या झाडाजवळची विहीर लवकर आटते, हे तुम्ही रोज बघता. तेच तिथे सांगायचं आहे.

ही पिशवी मी इथेच ठेवून जाते आहे. उद्या ती तुमच्या बांधावरच्या बाभळीला बांधा, परवा बोरीला. आणि महिला सभेला येताना पिशव्या घेऊन या.