कृमी मेला, पुढे काय?

आपल्या मराठवाड्यात पाणी असूनही डाळिंबाची बाग पिवळी पडू लागली, की जाणता शेतकरी झाडाचं मूळ उकरून बघतो. मुळांवर गाठी दिसल्या, तर ते सूत्रकृमीचं काम. डोळ्यांना न दिसणारा हा जीव. त्याचाच एक भाऊबंद जपानमध्ये पाइनची उभी झाडं वाळवतो. भुंग्याबरोबर तो झाडावरून झाडावर जातो. १९७१ मध्ये शास्त्रज्ञांनी या रोगाचं कारण म्हणून त्याच्यावर बोट ठेवलं.

अशा कृमीवर औषध कसं पारखतात? काचेच्या बशीत कृमी सोडायचे, औषधाचं पाणी घालायचं आणि एक-दोन दिवसांनी मेलेले मोजायचे. पण निपचित पडलेला प्रत्येक कृमी मेलेला नसतो. म्हणून त्यांना स्वच्छ पाण्यात धुऊन पुन्हा बघतात. काही वळवळू लागतात! त्यानंतर कुंडीत प्रयोग, मग शेतात. शेजारी तुलनेसाठी बिनऔषधाची एक ओळ.

इतकं झालं तरी मोठा प्रश्न उरतोच. कृमीशिवाय आणखी कोणाला काय झालं?

डीबीसीपी नावाचं औषध सूत्रकृमींवर गुणकारी होतं. उंदरांच्या वृषणांवर त्याचा दुष्परिणाम होतो, हे १९६१ मध्येच छापून आलं होतं. तरी ते विकलं गेलं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात ते बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार वंध्य झाल्याचं उघड झालं. १९७९ मध्ये अमेरिकेने त्याचा बहुतेक वापर थांबवला. चाचणी खरं बोलली होती. ऐकणारं कोणी नव्हतं.

दुसरी गोष्ट बरी आहे. जपानच्या सातोशी ओमुरा यांना मातीतल्या एका जिवाणूत अ‍ॅव्हरमेक्टिनचा उगम सापडला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच घराण्यातलं इमामेक्टिन आपण तुरीवरच्या शेंगअळीसाठी फवारतो. जपानमध्ये तेच पाइनच्या खोडात टोचतात, तेही झाड निरोगी असतानाच. मधमाश्यांना आणि माशांना ते घातक आहे, पण खोडातलं औषध बाहेर फारसं पसरत नाही.

आपला कृमी मात्र मातीत राहतो. तिथं टाकलेलं विष विहिरीपर्यंत जाऊ शकतं. ज्याला गावाकडे थिमेट म्हणतात, त्या फोरेटवर भारतात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. म्हणून आधी माती आणि मुळं तपासून घ्या, रोपं निरोगी आणा, निंबोळी पेंड घाला, बागेत झेंडू लावा. औषध लागलंच, तर त्या पिकासाठी मान्यता असलेलंच घ्या आणि डब्यावरचं प्रमाण पाळा. दुकानदाराला ‘कृमी मरेल का?’ एवढंच विचारू नका, ‘विहिरीचं काय?’ हेही विचारा.