सोमवार ते शनिवार
(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय माझा मीच निवडायचा आहे. माझ्या आधी बोललेल्यांनी परदेशातली नोकरी, स्वतःचा कारखाना, मुलांचं यश असं खूप काही सांगितलं. ऐकून अभिमान वाटला. मी अंधेरीच्या एका कचेरीत हिशेब लिहिते आणि अजून भाईंदर पूर्वेलाच राहते. तेव्हा मी तुम्हाला आमच्या घरचा नुकताच सरलेला आठवडा सांगते.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षं तिने मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळलं. "आता काय बघायचं राहिलंय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. खरं कारण भीती होतं. हळूहळू तिने पेपर सोडला, मग गॅलरीत बसणं सोडलं, मग बोलणंही कमी केलं. शेवटी नातीने गळ घातली तेव्हा तयार झाली. सकाळी दवाखान्यात गेलो आणि संध्याकाळी घरी आलो. त्याला सोमवारी दहा दिवस झाले.

सोमवारी मी नेहमीची भाईंदर लोकल पकडली. इथूनच सुटते म्हणून बसायला मिळतं. आमच्या डब्यात सध्या मटार सोलायचे शेवटचे दिवस चालू आहेत. दहिसर येईपर्यंत किलोभर होतात. मीरा रोडच्या अलीकडे मिठागरांत मिठाचे ढीग दिसायला लागले आहेत. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं आणि पावसाळ्याच्या आत मीठ उचलायचं. शाळेत असताना आपण हे रोज बघायचो, पण तेव्हा त्यात बघण्यासारखं काही वाटत नव्हतं.

मंगळवारी आईने मान वर केली आणि म्हणाली, "पंख्यावर केवढी धूळ आहे गं! घरात बायका राहतात की नाही?" दोन वर्षांनी टोमणा ऐकला. मी ऑफिसला उशीर करून पंखा पुसला. मग म्हणाली, "आणि ही भिंत पिवळी कुठे आहे? चांगली पांढरी आहे की." मोतीबिंदू पिकला की सगळं पिवळट दिसतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आई एका डोळ्यावर हात ठेवून पिवळी भिंत बघते आणि दुसऱ्यावर ठेवून पांढरी. दिवसभर तिचा हाच खेळ चालू होता.

बुधवारी पहाटे कोकीळ ओरडला. पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. आत्ता फाल्गुन चालू आहे, म्हणजे हिशेबाने शिशिरच. पण झाडं पंचांग बघत नाहीत. आंब्याला मोहोर आलाय, पिंपळाला तांबूस पालवी फुटलीय. बाजारात पहिली कैरी आली आहे आणि वसईवाल्या मावशींच्या टोपलीत सोनचाफा. दोन फुलं घेतली. एक आईला, एक मला.

गुरुवारी डॉक्टरांनी बाहेर न्यायला परवानगी दिली. काळा चष्मा घालून आई रिक्षात बसली आणि आम्ही जेसल पार्कच्या चौपाटीवर गेलो. खाडीवर थंडीचे पाहुणे, कुरव पक्षी, अजून होते. आता महिना-दीड महिन्यात ते उत्तरेकडे निघतील. रेल्वेच्या पुलावरून लोकल गेली तेव्हा आईने डबे मोजले, "बारा!" म्हणाली, आणि मग माझा हात धरून बराच वेळ गप्प बसली. मीही काही बोलले नाही.

शुक्रवारी २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. आमच्याकडे तो असा झाला की गॅलरीत बसून आईने समोरच्या सगळ्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचून काढल्या. एका पाटीवरची ऱ्हस्व-दीर्घाची चूकही काढली. बाई, तुमची खूप आठवण झाली.

शनिवारी शेजारची मुलगी दहावीचा अभ्यास घेऊन आमच्याकडे आली, तिच्या घरी पाहुणे होते म्हणून. आई तिला सांगत होती की आम्ही इथे आलो तेव्हा पाण्यासाठी रांगा लावायचो. आपण दहावी झालो त्या १९८५ साली इथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका. २०११च्या जनगणनेत आपल्या गावाची लोकसंख्या ८ लाखांच्या वर गेली होती. एवढ्या माणसांत आमचं एक घर. त्या घरात एक म्हातारी बाई पुन्हा बोलायला लागली, ही बातमी कुठे छापून येणार नाही. म्हणून ती इथे सांगितली.

आईचा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात आहे. तिला अजूनही भीती वाटते, पण या वेळी तारीख तिनेच विचारून घेतली.

मित्रांनो, आपण आता पंचावन्न-छप्पनचे झालो. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी आई, वडील, सासूबाई, सासरे आहेत. कुणी गप्प झालं असेल, पेपर बाजूला ठेवायला लागलं असेल, तर एकदा डोळे तपासून घ्या. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. सोबतीला कुणी नसेल तर मला सांगा, मी येईन. रजा शिल्लक आहे.

होळी दोन-तीन दिवसांवर आली आहे. आईने पुरणपोळीचं फर्मान काढलंय आणि आता पोळी कुठे करपली ते तिला दिसणार आहे. त्यामुळे मला घरी लवकर जाऊन डाळ निवडायची आहे.