पुस्तकात क्रीम आहे

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिवसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. "काका, तुमच्या गाडीविषयी बोला," म्हणाले. याच सोसायटीने २०१९ साली त्याच गाडीविषयी मला पत्र दिलं होतं, की वापरात नसलेली वाहने पार्किंगमधून हलवावीत. ते पत्र मी फाईलला लावून ठेवलेलं आहे. बँकेतला माणूस कागद टाकत नाही. आज त्याच गाडीवर बोलायला बोलावलंत, तेव्हा अपिलाचा निकाल माझ्या बाजूने लागला असं मी समजतो.

गाडी तुम्हाला माहीतच आहे. प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची, बँकेच्या वाहनकर्जावर घेतलेली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती बनवली. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेली. मूळ नमुना इटलीच्या फियाट ११०० चा. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं, तरी आपण तिला फियाटच म्हणत आलो. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईत टॅक्सी म्हणून तिने कित्येक वर्षं शहर वाहिलं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या रस्त्यावरची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. आपल्याकडे मात्र ती बी विंगच्या कोपऱ्यात, कडुलिंबाखाली, अजून उभी आहे.

आज मी फक्त तिच्या रंगाविषयी बोलणार आहे. कारण त्या रंगापायी मी घरातल्या सगळ्यांशी तीन वर्षं भांडलो, आणि चूक माझी होती.

गाडी घेतली तेव्हा ती क्रीम रंगाची होती. आमच्या सौ. त्याला 'सायीचा रंग' म्हणत. नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पंचेचाळीस डिग्रीत वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी. टप आणि बॉनेट पांढुरकं पडलं, बोट फिरवलं की खडूसारखी पूड हाताला लागायची. निवृत्तीनंतर, २०१४ साली, मी ठरवलं की हिला नव्याने रंग द्यायचा. एका गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी शेडकार्ड पुढे केलं. मी ट्यूबलाइटखाली उभा राहून एका चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हाच. अठ्ठावीस वर्षं पाहतोय, मला विचारू नका."

गाडी घरी आली. नातू ओरडला, "आजोबा, ॲम्ब्युलन्स!" मुलगी म्हणाली, "बाबा, हा पांढरा आहे." सौ. एवढंच म्हणाल्या, "अहो, साय होती, तिचं दूध झालं." मी कोणाचं ऐकलं नाही. २०१६ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला नेली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. तिथल्या साहेबांनी आधी पुस्तक पाहिलं, मग गाडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "काकाजी, पुस्तकात क्रीम आहे." मी म्हणालो, "मग क्रीमच तर आहे!" त्यांनी बहुधा माझ्या वयाचा मान राखला.

२०१७ साली माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं महिनाभराने व्हायचं होतं. मधल्या काळात एका सकाळी पार्किंगमध्ये गेलो आणि गाडीकडे पाहून थबकलो. पांढरीफटक, वर निळसर झाक. उजवा डोळा मिटला, डाव्याने पाहिलं. गाडी क्रीम. डावा मिटला, उजव्याने पाहिलं. गाडी पांढरी. पाच मिनिटं मी आळीपाळीने डोळे मिटत उभा होतो. शेवटी वॉचमन जवळ आला आणि विचारता झाला, "काकाजी, बरं नाही वाटत का?"

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. मोतीबिंदू वाढतो तशी डोळ्यातली भिंग पिवळी-तपकिरी होत जाते. निळा उजेड अडतो. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. क्लोद मोने हा मोठा फ्रेंच चित्रकार, त्याच्याही डोळ्यांत मोतीबिंदू होता. १९२३ मध्ये ऑपरेशन होईपर्यंत रंग त्याला फसवत राहिले. मग आपली काय कथा! मी शेडकार्डावरचा पांढरा माझ्या पिवळ्या भिंगातून पाहिला आणि मला तो क्रीम दिसला. घरातल्या चार जणांचे डोळे चांगले होते, आणि मी त्यांना सांगत होतो की तुम्हाला रंग कळत नाही.

तेव्हापासून मनात होतं, की मूळ रंग शोधायचा आणि तो पुन्हा लावायचा. २०२३ च्या जानेवारीत वाडीकडचे एक जुने पेंटर मिस्त्री भेटले. मी त्यांना १९८६ चा फोटो दाखवला. त्यांनी तो पाहिला न पाहिला आणि परत दिला. जुन्या रंगीत फोटोंचे रंग स्वतःच उडतात, कुठे तांबूस होतात, कुठे पिवळे. पुस्तकातला 'क्रीम' हा शब्दही कामाचा नाही, कारण क्रीम पन्नास तऱ्हेचे असतात. मिस्त्री म्हणाले, "काकाजी, गाडीलेच विचारू ना."

त्यांनी दाराच्या आतलं रेक्झिनचं पॅनेल काढलं. टेल लॅम्प सोडवून रबरी गॅस्केटखाली पाहिलं. दारांची रबरं उचलली, डॅशबोर्डच्या मागे बॅटरी मारली. या सगळ्या ठिकाणी कारखान्यातला रंग जसाच्या तसा होता. २०१४ च्या गॅरेजने घाईत बाहेरून तेवढं घासून रंग मारला होता, आत हातच लावला नव्हता. तेव्हा मी त्या कामचुकारपणाबद्दल कुरकुर केली होती. त्या कामचुकारपणानेच माझा पुरावा वाचवला.

इथे मला माझी नोकरी आठवली. आम्ही चेक पास करताना सही कशाशी ताडून पाहायचो? ग्राहकाच्या चेहऱ्याशी नाही, आमच्या आठवणीशीही नाही. खातं उघडताना घेतलेलं नमुना सहीचं कार्ड काढायचो. दाराच्या आतला हा रंग म्हणजे गाडीचं नमुना कार्ड. मी मात्र अठ्ठावीस वर्षांच्या ओळखीवर चेक पास केला होता!

पण मिस्त्रींनी मला तिथेही थांबवलं. म्हणाले, "हा बी पूर्ण खरा नाही." उन्हात रंग उडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. उलटी गोष्ट मला नवी होती. सिंथेटिक इनॅमलचे पांढरट रंग अंधारात बंद राहिले की हळूहळू पिवळे पडतात, आणि उजेड मिळाला की त्यातला बराच पिवळेपणा जातो. म्हणून त्यांनी दार उतरवलं, आतली बाजू सौम्य साबणाने पुसली आणि आठ दिवस उन्हाकडे तोंड करून ठेवलं. रोज पाहिलं की फरक कळत नव्हता. आठव्या दिवशी रबराखालच्या झाकलेल्या पट्टीशेजारी पाहिलं, तेव्हा स्पष्ट दिसला. जी उरली ती साय होती.

मग आम्ही ते दार घेऊन रंगाच्या दुकानात गेलो. तिथे हाताएवढं एक यंत्र असतं. ते रंगावर टेकवलं की परत येणारा उजेड मोजतं आणि संगणक कोणता रंग किती ग्रॅम घालायचा ते सांगतो. माझी समजूत, आता झालं काम. मिस्त्री म्हणाले, हे फक्त जवळ नेऊन सोडते, बाकीचं आपल्याले कराचं. त्यांनी तीन छोटे पत्रे घेतले, गाडीला लावणार होते तोच प्रायमर त्यांना लावला, वर तेवढेच हात मारले आणि पूर्ण वाळू दिले. ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाही. खाली राखाडी प्रायमर असेल आणि वरचा थर पातळ पडला, तर क्रीम मळकट दिसतो.

पत्रे दाराला चिकटवून आधी सावलीत पाहिले, मग उन्हात, मग रात्री ट्यूबखाली. एक पत्रा उन्हात तंतोतंत जुळला आणि ट्यूबखाली हिरवट झाला. दोन रंग वेगवेगळ्या भुकट्यांनी बनले असतील, तर एका उजेडात जुळून दुसऱ्यात फितूर होतात. दुसरा पत्रा तिन्ही ठिकाणी टिकला. तिसऱ्यात काळ्याचा एक थेंब जास्त झाला होता. क्रीम रंगात तेवढाही पचत नाही.

निवड मात्र मी केली नाही. तिन्ही पत्र्यांच्या मागे आकडे लिहिले आणि सौ.ना गच्चीवर बोलावलं. आकडे न पाहता त्यांनी दोन नंबरचा उचलला. "हीच साय," म्हणाल्या. गाडीला तोच लागला आहे. येत्या २०३६ मध्ये तिला पन्नास वर्षं होतील. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तेव्हा मी पंच्याऐंशीचा असेन. मी नसलो तर नातू नेईल, आणि या वेळी पुस्तकातला क्रीम आणि गाडीचा क्रीम एकच असेल.

आता जाता जाता सोसायटीच्या कामाचं. यंदा आपण इमारतीला रंग दिला. हॉलमध्ये, रात्री, ट्यूबलाइटखाली शेडकार्ड फिरवलं, सगळ्यांनी 'बदामी'ला हात वर केले. भिंतीवर गेल्यावर कोणी त्याला वरण म्हणालं, कोणी मुलतानी माती. सी विंगची मागची भिंत तर वेगळीच दिसते. ठेकेदाराने फसवलं असं मला वाटत नाही. बोटाएवढ्या चौकोनातला रंग चार मजली भिंतीवर जास्त उजळ आणि भडक दिसतो. आणि डबे वेगवेगळ्या लॉटचे असतील तर ते आधी एकत्र मिसळून घ्यावे लागतात. ते आपल्यापैकी कोणीच विचारलं नाही. मीही नाही, आणि मला तर ते माहीत होतं.

म्हणून कार्यकारिणीला दोन विनंत्या. एक, रंगाचं नाव, शेड नंबर, लॉट नंबर आणि प्रायमर यांची नोंद कार्यवृत्ताच्या वहीत करावी. दोन, मीटर रूममध्ये बोर्डाच्या मागे २००० सालचा मूळ रंग हातभर जागेत शिल्लक आहे. मी परवाच पाहून आलो. त्यावर कोणी ब्रश फिरवू नये. सुवर्णमहोत्सवाला ज्यांना हवा असेल त्यांना तो तिथे सापडेल.

आणि एक जाहीर कबुली. तिसऱ्या रांगेत आमच्या सौ. बसल्या आहेत. २०१४ साली त्यांचं बरोबर होतं. घरी हे बोलायला मला अकरा वर्षं जमलं नाही, म्हणून आज माईकवर बोललो.