बरं वाटल्यानंतरची वर्षं

आजपासून नावाआधी ‘डॉ.’ लावणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

बायपोलर आजार, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे फिरून फिरून येणारे झटके, पुष्कळदा तुमच्याच वयात सुरू होतो. बारावी, प्रवेश, पहिली नोकरी, लग्नाची बोलणी, नेमक्या त्या वर्षांत. झटका कसा ओळखायचा ते आपण शिकतो, परीक्षेत लिहितो. त्यानंतरच्या वीस वर्षांवर प्रश्न येत नाही.

अमेरिकेतल्या ‘कोबी’ अभ्यासात हा आजार असलेल्या 7 ते 17 वर्षांच्या 413 मुलामुलींचा चार वर्षं पाठपुरावा झाला. साधारण अडीच वर्षांत 81.5 टक्के मुलं झटक्यातून पूर्ण बाहेर आली. पालकांना हा आकडा जरूर सांगा, पण त्याच बैठकीत पुढचाही सांगा. आणखी दीड वर्षात बऱ्या झालेल्यांपैकी 62.5 टक्के मुलांचा आजार उलटला, त्यातही जास्त करून नैराश्याच्या रूपात.

मुलगा कॉलेजला जाऊ लागला की घरचे विचारतात, ‘आता काय झालंय त्याला? किती दिवस गोळ्या खायच्या?’ अडाणी म्हणून त्यांच्यावर खेकसू नका. के रेडफिल्ड जेमिसन या मानसशास्त्रज्ञ बाईंना हाच आजार. लिथियम या औषधाचं महत्त्व त्यांना कुणी समजावून सांगायचं? तरी त्यांनी ते पुन्हापुन्हा सोडलं. उन्मादातली ती धुंदी हवीशी वाटायची, हे त्यांनी 1995 च्या आत्मकथनात लपवलेलं नाही. आत्महत्येचा प्रयत्नही झाला. पुढे त्याच बाई जॉन्स हॉपकिन्समध्ये मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि या आजारावरचा जाडजूड ग्रंथ मनोविकारतज्ज्ञ गुडविन यांच्यासह त्यांनी लिहिला. शहाण्या माणसाचंही औषध सुटतं, एवढं लक्षात ठेवलंत तरी ओपीडीतला तुमचा आवाज खाली येईल.

उन्मादावर लिथियम 1949 पासून माहीत आहे. स्वस्त आहे, आत्महत्येचा धोकाही कमी करतं. मात्र रक्तातली पातळी, मूत्रपिंडं आणि थायरॉइड वेळोवेळी तपासावं लागतं. तालुक्याच्या गावी गोळी मिळाली तरी ही तपासणी मिळेलच असं नाही. माझ्या मते बरेच रुग्ण इथेच निसटतात, आणि दोष मात्र त्यांच्या ‘हलगर्जीपणा’वर जातो.

आणखी एक. लक्षणं गेली तरी अभ्यासाची, कामाची घडी बसायला बराच वेळ लागतो. तोवर हजेरी गेलेली, टर्म गेलेली. अशा वेळी प्राचार्यांना सविस्तर पत्र लिहा, सही-शिक्क्यानिशी. तोही उपचारच समजा.

तेव्हा बरं वाटणाऱ्या रुग्णालाही पुढची तारीख द्या. आला नाही तर फोन करा. आणि तुमच्याच बॅचमधलं कुणी चार रात्री न झोपता मोठमोठे बेत आखत असेल, किंवा खोलीबाहेर पडेनासं झालं असेल, तर चेष्टा न करता मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक डॉक्टरांसाठीही आहे.