नोंद आणि बोध



हजेरीपटावर विद्यार्थ्याची नोंद दिवसातून एकदाच होत असे. संगणकावरील अभ्यासक्रमात ती क्षणोक्षणी होते. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ २०१७ साली सुरू झाले. २०२० च्या महासाथीत गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिश्टावो’ उभे केले. उद्या साखळीच्या सरकारी महाविद्यालयात जाणाऱ्या येथील मुलांना हा मार्ग परका नाही. विद्यार्थ्याने पाठ केव्हा उघडला, चित्रफीत कोठे थांबविली, चाचणी कितीदा दिली, हे सारे अशा अध्यापनात टिपता येते.

या नोंदींचे मोल मी कमी लेखीत नाही. एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवून दिले. विद्यार्थी रोज थोडे वाचतो की परीक्षेच्या आदल्या रात्री सारे उरकतो, याचा माग नोंदीत लागतो. अनेकांनी चित्रफीत एकाच जागी मागे नेली असेल, तर तेथे अध्यापकाने आपले विवेचन तपासावे.

परंतु नोंद म्हणजे बोध नव्हे. चित्रफीत चालू असता मन अन्यत्र भटकू शकते. छापील पुस्तक घेऊन बसलेला विद्यार्थी तर यंत्राला दिसतच नाही. २०२० साली शेजारच्या सत्तरीतील मुले नेटवर्कसाठी डोंगर चढत होती. त्यांच्या नावापुढील रिकाम्या रकान्याला आळस म्हणणे हा अन्याय ठरला असता.

म्हणून अध्यापकांना माझी विनंती एवढीच : नोंद पाहून निकाल देऊ नका. विद्यार्थ्याला जवळ बोलवा, विचारा, “बाळ, कोठे अडले?” आणि उत्तर पुरते ऐकून घ्या.